खांडीतलं लोखंड

भाताच्या गावात तांदूळ विकत आणायची पाळी आली तेव्हा मी शाळेत होतो.

आमचं गाव चौलच्या मागे, खाडीच्या अंगाला. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये मातीचा लांब बांध होता आणि बांधाला एका ठिकाणी उघाडी होती. उघाडी म्हणजे दगडी जोत्यावर बसवलेलं लाकडी दार. ओहोटीला शेतातलं पाणी ते दार ढकलून खाडीत जायचं आणि भरतीला खाडीचंच पाणी ते दार लावून घ्यायचं. त्या एका दारावर सगळं गाव जेवत होतं. स्वातंत्र्य मिळालं त्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी चढलं आणि उघाडीच्या बगलेला बांध फुटला. बांधाला असं भगदाड पडलं की आमच्याकडे ‘खांड गेली’ म्हणतात. खांड गेली ती उघाडीचं दार घेऊनच गेली. मग भरतीमागून भरती आत येत राहिली.

गावाने बांध परत घातला. तो पुढच्या पावसात फुटला. मग थोडा आत सरकून घातला, तोही राहिला नाही. आणखी आत सरकून घातला तेव्हा माणसंच कमी आली होती. उन्हाळ्यात शेतं पांढरी दिसायची, आणि नवखा माणूस विचारायचा, इथे चुना पसरलाय का?

आई आणि बाबा पावसाळा संपला की घराला कडी घालून उरणच्या बाजूला मिठागरावर मजुरीला जायचे. मला चुलतीकडे ठेवायचे. ओल्या मिठाची पाटी डोक्यावर घेतली की पाणी मानेवर ओघळतं आणि कातडी सोलते. पायाच्या भेगांत मीठ भरतं, ते वेगळंच. पावसाच्या तोंडावर ते परत यायचे तेव्हा आई पाय टेकताना आधी टाच टेकायची की बोटं, यावरून मला तिचे हाल कळायचे. तिने कधी सांगितलं नाही.

मी शिकलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सही केली नव्हती, अंगठा उठवला होता. मी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालो. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. निकाल लागला तेव्हा आई नव्हती.

नोकरी लागली ती खारजमिनी परत पिकाखाली आणायचं काम करणाऱ्या कचेरीत, अलिबागला. हंगामी मदतनीस. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आमच्या गावाच्या बांधाचं काम पुढे आलं. आमचे साहेब इंजिनिअर होते, देशावरचे. त्यांनी मला बोलावून सरळ सांगितलं, “उघाडीचं जुनं जोतं मिळालं तर काम होईल. तिथे खाली कातळ आहे असं जुने लोक सांगतात. बाकी तुमच्या गावात कुठेही बांबू खुपसला की बांबू गडप होतो. चिखलावर मी उघाडी बांधणार नाही.”

“आणि नाही मिळालं तर?”

“तर मार्चअखेरीला हे काम पलीकडच्या खाडीकडे जाईल. परत तुमच्याकडे कधी येईल ते मला विचारू नका.”

जोतं कुठे होतं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण प्रत्येकाला वेगळं. बांध वाहून गेला होता, खाडीने कूस बदलली होती, वर गाळ बसून तिवरांचं रान माजलं होतं. एक म्हातारा म्हणायचा वडाच्या समोर, दुसरा म्हणायचा देवळाच्या समोर, आणि वड तर पडून गेलेला. साहेबांनीच मुंबईहून एक यंत्र मागवलं. जमिनीत पेरलेले सुरुंग शोधायचं यंत्र, लढाईनंतर लष्कराने मोडीत काढलेल्या सामानातलं. पाठीवर पेटी, हातात दांडा, दांड्याच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढी चकती, आणि कानांवर दोन्ही बाजूंनी घट्ट बसणारे कर्णे. उघाडीच्या दाराला जाड साखळी आणि लोखंडी पट्ट्या होत्या. त्या वाहून गेल्या नसतील तर जोत्याशीच असणार. चकती लोखंडावरून गेली की कर्ण्यात सूर उठायचा.

“तुम्ही सायन्सवाले ना?” हेडक्लार्क म्हणाले. “घ्या मग पाठीवर.”

कचेरीच्या आवारात मी ते चालवून पाहिलं. मातीखाली चावी पुरली, सापडली. दाराची बिजागरी पुरली, सापडली. मला वाटलं, आलं आपल्याला. मी एस्टीत ते मांडीवर घेऊन गावी गेलो, दुसऱ्या दिवशी ओहोटीला चिखलात उतरलो आणि चकती खाली धरली, तर यंत्र ओरडायला लागलं. पुढे नेली तरी ओरडतंय, मागे नेली तरी ओरडतंय. माझ्या गावाखाली लोखंडाची खाणच आहे की काय, असं कुणालाही वाटलं असतं.

यंत्र बिघडलं असं मी ठरवलं आणि परत एस्टीत बसून अलिबागला आणलं. आवारात ठेवलं, तर गप्प. साहेबांनी स्वतः कानाला लावून पाहिलं.

“यंत्र ठीक आहे,” ते म्हणाले. “बिघाड कशात आहे ते तुम्ही शोधा.”

परतीच्या वाटेवर मला ते कळलं. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मी मिठाच्या पाण्यातून वीज नेऊन दाखवली होती. मिठाची ओली जमीनच यंत्राला धातूसारखी वाटत होती. यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की आधी कोरड्या मोकळ्या जागी सूर शून्यावर आणावा. मी तसंच केलं होतं. पुस्तिका लिहिणाऱ्याने आमचा चिखल पाहिला नव्हता. मग मी कोरड्या जागेचा नाद सोडला. चिखलातच उभं राहायचं, चकती वीतभर उंचीवर धरायची, पेटीवरचं बटण फिरवून ओरडा शून्यावर आणायचा आणि मग चालायचं. तरीही अडचण होतीच. ऊन चढेल तसा वरचा चिखल सुकतो, सुकेल तसा सूर सरकतो. दर काही पावलांनी थांबून परत शून्य करावं लागे. हात जरा खाली गेला तर सूर, जरा वर गेला तर सूर. बाबा भाताची लावणी करताना वाकायचे ते उभेच राहायचे नाहीत, तसा मी त्या दांड्यापाशी वाकून राहिलो.

अष्टमीच्या आसपासच्या, भांगाच्या दिवसांत भरतीचं पाणी वरपर्यंत चढत नाही. तेवढेच दिवस माझ्या कामाचे. उधाण आलं की सगळं पाण्याखाली.

काठावर माणसं बसू लागली. कर्णे कानावर असले की मला त्यांचं काही ऐकू यायचं नाही, काढले की यायचं.

“आकाशवानी लागलीय का रं? बातम्या सांग की आमाला बी.”

“बातम्या कसल्या. चिखलाला इस्तरी करतंय त्यो.”

“बीएस्सी झाला न् चिखलाला इस्तरी.”

मी हसलो असतो तर बरं झालं असतं. मी कर्णे परत चढवले. त्यांना वाटलं, हा आता आपलं ऐकून न ऐकल्यासारखं करतो. खरं तर मला पुष्कळदा ऐकूच यायचं नसे. कोणी वाटेवरून हाक मारी, मी मान वर करत नसे, आणि तो माणूस पुढे जाऊन सांगे की शिकला म्हणून कानात बोळे घातलेत.

शेवटी एकदा स्वच्छ सूर मिळाला. तोडून दिल्यासारखा, टोकदार. मी गुडघ्यावर बसून हाताने चिखल उपसला. खिळा निघाला. लांब, गंजून फुगलेला, घराच्या वाशाला मारतात तसा. थोडं पुढे कोयत्याचं पातं. मग दाराची कडी, बैलाची नाल, उलथनं. दिवसभर मी असलंच काढत होतो. पुन्हा पुन्हा वाजू नये म्हणून सगळं काठावर नेऊन ढीग केला. शास्त्राने ते बरोबरच होतं.

संध्याकाळी शेजारचे काका तिथून जात होते. ढिगाशी थांबले. लहानपणी त्यांनीच मला पोहायला शिकवलं होतं, बाबांना वेळ नसायचा.

“ह्यो खिला कुठनं उपटलास?”

“चिखलात होता, काका. असले पुष्कळ आहेत.”

“पुष्कल असनारच. खांड भरताना दर घरानं लोखंड टाकलंय त्यात. खांड मानूस मागते. तिला लोखंड दिलं म्हंजे तिची वाट बंद. तुला ठावं न्हाय?”

ठाऊक होतं. लहानपणी पाहिलंही होतं. माणसं घमेली रिकामी करताहेत आणि बाया एकेक करून पुढे येऊन पदराखालून काहीतरी मातीत सोडताहेत. मला ते आठवलं नव्हतं इतकंच. पण मी दिवसभर उन्हात वाकून होतो आणि माझ्या तोंडातून गेलं, “पाणी तर आत आलंच ना काका. मग लोखंडाने काय केलं?”

काका खाली वाकले, ढिगातला एक खिळा उचलला, बोटाने पुसला आणि परत ठेवला. मग गेले.

दुसऱ्या दिवशी काठावर कोणी बसलं नाही. चुलतीकडून रोज कालवणाची वाटी यायची, ती आली नाही. विहिरीवर मी गेलो की बाया आपल्या कळशा उचलून बाजूला व्हायच्या, वाट देतात तशा. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बोलणं तरी झालं असतं.

बाबा ओट्यावर बसून जाळं सांधत होते.

“जिथलं तिथं ठेव,” ते म्हणाले.

“बाबा, ते परत वाजणार. दर पावलाला वाजणार. मग त्यात मी उघाडी कशी ऐकू?”

“वाजू दे. तू ऐकायलाच गेलास ना? मंग ऐक.”

त्यांनी जाळ्यातून मान वर केली नाही. एक गाठ आवळून म्हणाले, “तुझ्या आयनं उलथनं टाकलंय त्यात. घरात दुसरं उलथनं नव्हतं. सगली भाकर हातानं परतलीन त्या वर्षी.”

ढिगात दोन-तीन उलथनी होती. आईचं कोणतं ते मला ओळखता आलं नाही, आणि बाबांना नेऊन दाखवायचा धीर झाला नाही. भांग असल्यामुळे माझे खड्डे अजून बुजले नव्हते. मी सगळं लोखंड पाटीत घालून नेलं आणि जसं आठवलं तसं ज्याचं त्याच्या खड्ड्यात ठेवून चिखल लोटला. त्यानंतर मी काहीच उपटलं नाही. सूर आला की तिथे तिवराची एक काटकी रोवायची आणि पुढे जायचं.

त्या दिवसांचं सांगण्यासारखं फारसं काही नाही. सकाळी ओहोटीची वेळ बघून निघायचं, चिखलात उतरायचं, शून्य करायचं, चालायचं, काटकी रोवायची. कर्ण्यांमुळे पाण्याचा, वाऱ्याचा आवाज येत नसे. बगळे उडायचे ते मुक्याने उडायचे. गावातून चुलीचा धूर वर चढताना दिसे आणि मला कळे की आता तिथे बोलणी चालली असतील. उधाणाच्या दिवसांत अलिबागला खोलीवर जायचो. तिथले कारकून रात्री पत्ते खेळायचे. त्यांच्यात मी चुकून ‘हाय’ म्हटलं की ते एकमेकांकडे बघून हसायचे. गावात ‘आहे’ म्हटलं की गावातले हसायचे. कुठे काय म्हणायचं याचा विचार करण्यापेक्षा मी कर्णे लावून राहणं पसंत करू लागलो होतो. यंत्र मला कुठलीच बोली विचारत नव्हतं.

घरी मी आणि बाबा समोरासमोर जेवायचो. मीठ पुढे सरकवायचो. बस.

मार्च लागला. साहेबांनी कचेरीत फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. ते रागावले असते तर मला परवडलं असतं.

एका दुपारी मी शेवटच्या बांधाच्या उरलेल्या उंचवट्यावर चढलो, पाठ मोकळी करायला. दोन दिवसांत मार्चचं मोठं उधाण लागणार होतं, पाणी माझ्या काटक्या घेऊन जाणार होतं. कर्णे काढून गळ्यात टाकले आणि खाली पाहिलं. चिखलात वाकून जे कधी दिसलं नव्हतं ते वरून दिसलं. काटक्यांच्या ओळी झाल्या होत्या. एक ओळ गावाकडे, विरळ. मध्ये एक, बरी. आणि खाडीच्या बाजूला एक, तिच्यात एका जागी काटक्यांची दाटी, रोपांच्या वाफ्यासारखी.

मी तसाच चिखलाच्या पायांनी घरी गेलो. बाबा ओट्यावरच होते.

“बाबा, पहिल्यांदा खांड भरली तेव्हा लोखंड कुणीकुणी टाकलं?”

“सगल्यांनी. तवा वाटत होतं बांध ऱ्हाईल.”

“आणि दुसऱ्यांदा?”

“ज्याला सुचलं त्यानं.”

“आणि शेवटी?”

बाबांनी जाळं खाली ठेवलं. “शेवटी कोन देतंय? आमी दोघांनी बी न्हाय दिलं.”

म्हणजे दाटी होती ती पहिली खांड. आणि पहिली खांड उघाडीच्या बगलेला गेली होती, हे तर सगळं गाव एकमुखाने सांगत होतं.

पण त्या दाटीच्या दोन्ही बाजूंनी मी आधीच फिरलो होतो, आणि साखळीचा, पट्ट्यांचा सूर मला मिळाला नव्हता. मी पुन्हा तिथे गेलो, उभा राहिलो आणि माझे स्वतःचे हात काय करतात ते पाहिलं. सूर हळूहळू चढू लागला की माझा हात आपोआप बटणाकडे जात होता. चिखल सुकतोय, खार बोलतोय, असं समजून मी तो शून्यावर आणत होतो. खिळ्याचा सूर टोकदार असतो, कारण खिळा लहान आणि वर असतो. खोल आणि मोठं लोखंड असं टोचत नाही, ते सावकाश फुगत येतं, अगदी खाऱ्या चिखलासारखं. इतकी शिस्त मी स्वतःला लावून घेतली होती की उघाडी बोलत असली तरी मीच तिला दर वेळी गप्प केली होती.

दाटीपासून पुष्कळ लांब जाऊन मी शून्य केलं. मग उजवा हात दांड्याला आणि डावा हात सरळ खिशात. बटणाला हात लावायचा नाही, सूर कितीही चढो. झपाझप चाललो, चिखलाला सुकायला वेळ मिळू नये म्हणून. मधले खिळे टोचून गेले, जाऊ दिले. दाटीच्या दक्षिणेला सूर हळूहळू भरत आला, भरतच राहिला आणि मग उतरला. खार असता तर चढून तसाच राहिला असता. मी उलट्या बाजूने येऊन पाहिलं. तिथेच चढला, तिथेच उतरला. तिरका येऊन पाहिला. तिथेच.

मी कर्णे काढले. भोवती कोणीच नव्हतं. सांगायला कोणी असतं तर मी काय म्हटलं असतं ते मला आजही ठाऊक नाही.

सकाळी बाबा पहार आणि फावडं घेऊन माझ्या आधी निघाले होते. मी दाखवलेल्या जागी त्यांनी पहार रोवली. ती मऊ जात राहिली, अर्धी गेली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. मग पहार थांबली. बाबांनी ती उचलून पुन्हा सोडली आणि खालून दगडाचा आवाज आला. तो मी कर्ण्यांशिवाय ऐकला.

आम्ही उपसू लागलो. उपसावं तेवढा चिखल बाजूने ढासळत होता. थोड्या वेळाने माझ्या फावड्याशेजारी दुसरं फावडं दिसलं. काका होते. ते माझ्याशी बोलले नाहीत, बाबांशी बोलले.

“त्याला सांग बाजूला तिवराचे फाटे रोव. न्हायतर दिवसभर उपसत बसशील.”

मी फाटे तोडून आणले. मग आणखी माणसं उतरली. भरती लागायच्या आत साखळीचं एक कडं हाताला लागलं, मनगटाएवढं जाड, आणि त्याच्या खाली दगडाची सरळ, घडीव कड.

बाबा गुडघाभर चिखलात वाकून त्या कडेवरून हात फिरवत गेले. “हीच,” ते म्हणाले.

साहेब दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी स्वतः पहार मारून पाहिली, फीत धरली आणि कागदावर सही केली. पुढच्या वर्षी त्या जोत्यावर नवी उघाडी बसली आणि तिला धरून बांध उभा राहिला. मला कचेरीने कायम केलं. खार धुऊन निघायला काही पावसाळे लागले. त्यानंतर आमच्या शेतात भात झालं आणि त्या वर्षापासून आम्ही तांदूळ विकत घेतलेला नाही.